गवतावर पालथी ठेवलेली पाटी

आई,

तू असतीस तरी हे मी तुला फोनवर सांगितलं नसतं. फोनवर समोरच्याचं तोंड दिसत नाही, मग तो खरं बोलतोय की खोटं ते कसं कळायचं, असं म्हणून तू नगरपालिकेतला फोनसुद्धा उचलायची नाहीस. म्हणून लिहायला बसले आहे. मी न्यूझीलंडमध्ये आहे, हॅमिल्टनला. शहर म्हणतात, पण मला ते गावच वाटतं. मधून मोठी नदी वाहते, थोडं बाहेर पडलं की गाई दिसायला लागतात, आणि कोण कुणाकडे जेवायला गेलं होतं ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत असतं. तू गेलीस तेव्हा माझं नर्सिंग नुकतंच संपलं होतं. तुझा जावई फार्मासिस्ट आहे. तुझ्या नातीला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीतून येतं. भिंतीवरचा तुझा फोटो बघून ती विचारते, "वॉज शी लाइक अ पॉलिटिशियन?" मी हो म्हणते. त्यापुढे काय सांगायचं ते मला अजून जमलेलं नाही.

आज मात्र मला तुला दुसऱ्या एका बाईबद्दल सांगायचं आहे. ती सोमालियाची. तिच्या देशात लढाई पेटली तेव्हा मुलांना घेऊन केनियातल्या छावणीत आली, तिथे काही वर्षं काढली आणि मग निर्वासित म्हणून इथे. तिकडे ती शाळेत शिकवायची. इथे मी ज्या वृद्धाश्रमात नर्स आहे तिथे ती म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायची, अंथरुणं बदलायची. उंच, काळीभोर, डोक्याला कायम रुमाल, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. मला ती 'सिस्टर' म्हणायची. मी नर्स म्हणून म्हणते की बहीण म्हणून, ते मी कधी विचारलं नाही.

एका आजींच्या मुलीने तक्रार केली. आजींचं स्वतःचं काही म्हणणं नव्हतं. त्यांना आपण कुठल्या साली आहोत हेही आठवायचं नाही, आणि माझ्या ह्या मैत्रिणीने केस विंचरल्याशिवाय त्या नाश्ता करायच्या नाहीत. पण मुलगी रविवारी आली, तिने ते बघितलं, आणि थेट मॅनेजरकडे गेली. पुढच्या आठवड्यात ड्यूट्या बदलल्या. आमच्याकडे आफ्रिकेतल्या तीन बायका होत्या, तिघींनाही धुलाईच्या खोलीत टाकलं. घाणीच्या चादरी धुवायच्या, वाळवायच्या, घड्या घालून दाराबाहेर ठेवायच्या. माणसाला हात लावायचा नाही. मी मॅनेजरला विचारलं तेव्हा ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "हे फक्त आमच्या रेसिडेंट्सना बरं वाटावं म्हणून आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुमच्याबद्दल कुणाची काही तक्रार नाही. तुम्ही इंडियन मुली वेगळ्या."

आई, मी वेगळी आहे हे आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला शाबासकी म्हणून सांगत होतं. धुतलेल्या चादरी चालतात, धुणारे हात चालत नाहीत, ही गोष्ट कळायला मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आपण कुठल्या वस्तीतले ते त्या बाईला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. तिच्या लेखी मी नुसती इंडियन होते, आणि त्या क्षणी मला त्या नुसतं असण्याचीच शिसारी आली.

तुझी नगरपालिकेतली पहिली सभा मला आठवते. मी सुट्टीला घरी आले होते आणि तुझ्याबरोबर हट्टाने आले होते. राखीव जागेवर तू निवडून आलीस. शिवणाच्या मशीनवरून उठून गेलेली बाई, नवी निळी साडी, हातात कापडी पिशवी. सगळ्यांच्या खुर्च्या टेबलाभोवती आहेत आणि तुझी दाराजवळ, भिंतीला टेकून. शिपाई चहा आणतो. सगळ्यांना बशीसकट कप, तुला काचेचा पेला. कप कमी पडले म्हणाला. परत येताना मी चिडून विचारलं की तू तिथे का बसलीस, खुर्ची उचलून टेबलाशी का नेली नाहीस. तू रस्त्यातच थांबलीस आणि मला झापलंस. "मी दारात बसते म्हणून त्यांना दार लावून घेता येत नाही. तुला काय कळतं? तू शाळा शीक." मला तेव्हा ते उत्तर फार हुशारीचं वाटलं होतं. मैत्रिणींना सांगितलंही. आता वाटतं, आई, ती हुशारी होती की तुझी पळवाट होती? तुला ती खुर्ची टेबलाशी न्यायची होती का नव्हती?

माझ्या मैत्रिणीने काही पळवाट काढली नाही. तिने मॅनेजरला सांगितलं, हे मला लिहून दे. मॅनेजर लिहून देईना. मग ती मानवी हक्कांच्या कार्यालयात गेली. दुसऱ्या दोघी घाबरल्या, त्यांची माणसं अजून छावणीत अडकलेली, त्यांना कुठलीही भानगड नको होती. तिने मला विचारलं, "तू ऐकलंस ते तिथे येऊन सांगशील?" मी हो म्हटलं. तुझा जावई म्हणाला, "विचार कर. आपल्याला इथेच राहायचंय." मी म्हटलं, म्हणूनच. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

समेटाची बैठक झाली. पाण्याचे ग्लास, बिस्किटं, सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाका मारत होते. 'तुम्ही इंडियन मुली वेगळ्या' हे वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं. मॅनेजर म्हणाली, तिने ते कौतुकाने म्हटलं होतं. शेवटी ठरलं ते असं: आश्रमाने झाल्या गैरसमजाबद्दल खेद व्यक्त करायचा, तिघींना पुन्हा माणसांच्या कामावर घ्यायचं, आणि कुणी बाहेर काही बोलायचं नाही. घेतलं कामावर. फक्त आठवड्याचे तास हळूहळू इतके कमी केले की दोघी आपणहून सोडून गेल्या. माझी मैत्रीण टिकून राहिली. एका दुपारी ती आणि मी मागच्या पायरीवर डबा खात बसलो होतो. ती म्हणाली, "सिस्टर, त्या खोलीत किती जण होते बघितलंस? माझ्या बाजूची तू एकटी. ज्या खोल्यांमध्ये गोष्टी ठरतात तिथे आमच्यातलं कुणी नसतंच. मी सिटी कौन्सिलला उभी राहते." मला हसू आलं. ती हसत नव्हती. म्हणाली, "नुसतं उभं राहायचं म्हणून नाही. मला जिंकायचं आहे."

तुला ती आवडली असती. ती बोलताना मला तुझी एक गोष्ट आठवली. निवडून आलेल्या बायकांचं जिल्ह्याला शिबिर होतं, आणि शहरातून आलेल्या एका बाईंनी पडद्यावर चित्रं दाखवली होती. एकात अमेरिकेतल्या काळ्या बायका रस्त्यावरून हातात हात घालून चाललेल्या. तू उठून विचारलंस, "ह्या कोणत्या तालुक्यातल्या?" सगळा हॉल हसला. घरी आल्यावर तू भाजी निवडता निवडता मला ते सांगितलंस आणि म्हणालीस, "हसू दे त्यांना. मी काही चुकीचं विचारलं नव्हतं." मी हे माझ्या मैत्रिणीला सांगितलं तेव्हा तिने डबा बाजूला ठेवला आणि पुन्हा सांग म्हणाली. मी पुन्हा सांगितलं.

मग आम्ही दारोदार फिरलो. इथे मतदान पोस्टाने होतं, त्यामुळे रांगा नाहीत, गर्दी नाही, लाउडस्पीकर नाही. पत्रक घेऊन घंटा वाजवायची आणि दोन मिनिटं बोलायचं. तिची मागणी साधी होती. तिच्या भागात बसथांब्यापासून घरांपर्यंत जाणाऱ्या गल्ल्यांमध्ये दिवे हवेत, कारण सफाईच्या आणि आश्रमांच्या कामावरून बायका अंधारात परततात. लोक ऐकून घ्यायचे. "स्वीट अ‍ॅज, लव्ह," छानच की, अशा अर्थाने म्हणायचे आणि पत्रक घ्यायचे. कुणी दार आपटलं नाही, कुणी शिवी दिली नाही. इथल्या मूळच्या माओरी लोकांपैकी एका आजींनी मात्र "किया ओरा" असा त्यांचा नमस्कार करून आम्हाला आत बोलावलं, चहा दिला, आणि तिचं सगळं बोलणं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "बाहेरून येऊन आमच्या दारात उभं राहून विचारणारी तू पहिलीच. बाकीच्यांनी विचारलं नव्हतं." मैत्रिणीने नुसतं त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि तिथे तो कुणाला खुपला नाही.

तिच्या पाटीचं सांगते. मोठ्या चौकाजवळ एक लांबलचक कुंपण आहे, तिथे सगळे उमेदवार आपापली पाटी लावतात. फोटो, नाव, एखादं वाक्य. तिची पाटी आम्ही दोघींनी लावली, तिच्या मोठ्या मुलीने खिळे धरले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पाटी गवतावर पालथी ठेवलेली. फाडलेली नाही, काही लिहिलेलं नाही, तोंडाला काही फासलेलं नाही. कुणीतरी खिळे जपून काढून शेजारी ओळीत मांडलेले. आम्ही परत लावली. परत तेच. शेजारच्या कुठल्याच पाटीला धक्का नाही. पोलिसात सांगायला गेलो तर तिथला तरुण सभ्यपणे म्हणाला, "वाऱ्याने पडली असेल." ती म्हणाली, "वारा खिळे मांडून ठेवतो का?" त्याने खांदे उडवले. आपल्याकडे निदान दगड तरी मारायचे, आई. दगड दाखवता येतो. इथल्या ह्या नीटनेटकेपणाचं काय करायचं ते मला समजेना.

त्याच दिवसांत इथल्या एका मराठी डॉक्टरांच्या घरी गणपती होता. आपण देवाला हात जोडणाऱ्यांतले नाही हे त्यांना आडनावावरून माहीत होतं, तरी आम्हाला बोलावणं असायचं, आणि आम्हीही जायचो, कारण इथे मराठी ऐकायला मिळावं म्हणून माणूस कुठेही जातो. मी डॉक्टरांच्या बायकोला, वहिनींना, फोन करून विचारलं, माझी एक मैत्रीण निवडणुकीला उभी आहे, तिला आणलं तर चालेल का, चार लोक भेटतील. वहिनी म्हणाल्या, "आण ना, त्यात काय विचारायचं." ती आली. हिरवा झगा, नवा रुमाल, दारात बूट काढून कोपऱ्यात नीट ठेवले. एकाने विचारलं की सरकार तुम्हाला घर फुकट देतं ना. ती म्हणाली, भाडं भरते. दुसऱ्याने सांगितलं की आम्ही भारतीय राजकारणात पडत नाही, आम्ही मेहनत करतो. ती म्हणाली, तीही मेहनतच करते. मग जेवण वाढलं. सगळ्यांच्या हातात स्टीलची ताटं, तिच्या हातात कागदी.

मी वहिनींना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, ताटं कमी पडली. आणि तिला आपलं चालतंय की नाही, म्हणून." त्यांच्या मागे ओट्यावर ताटांची चळत होती. मी म्हटलं, "मग मलाही कागदीच द्या." त्या हसल्या. "तुला कशाला? तू आपल्यातलीच." आवाज वाढवायचं माझ्या मनात नव्हतं, पण तो वाढला असणार, कारण हॉलमधलं बोलणं थांबलं. मी म्हटलं, "माझी आई पाच वर्षं नगरसेविका होती. तिला सभेत काचेच्या पेल्यात चहा यायचा. तिथेही कप कमी पडायचे." मग एकाने क्रिकेटचा विषय काढला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. मी कागदी ताट घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसले. मराठीतलं एक अक्षर न कळताही तिला सगळं कळलं होतं. गाडीत ती म्हणाली, "मी ते गोड तीन खाल्ले. मत न देणाऱ्यांकडे पोटभर जेवायचं, हे मी छावणीत शिकले." मोदक म्हणायचं होतं तिला. मी हसले. तुझा जावई गाडी चालवत होता, तो हसला नाही. तिला सोडल्यावर म्हणाला, "बोलून काय मिळालं?"

हाच प्रश्न मी तुला विचारला होता. आपल्या वस्तीतली ती नवी सून वरच्या आळीच्या नळावर पाणी भरायला गेली, आणि तिला मारून तिचा हात मोडला, त्या खटल्याचा निकाल लागला त्या दिवशी. तक्रार लिहून घेईपर्यंत तू पोलीस ठाण्याच्या पायरीवरून उठली नव्हतीस. पक्षाचे अध्यक्ष स्वतः घरी आले होते, मिटवून घ्या बाई, पुढच्या वेळी तिकीट देताना अडचण होईल. तू मशीनवरची मान वर न करता म्हणालीस, "हात तिचा मोडलाय. मिटवणारी मी कोण?" साक्षीदार एकेक करून फिरले. तुझं तिकीट गेलं. निकालाच्या दिवशी तू कोर्टातून येऊन सरळ चुलीपुढे बसलीस. मी विचारते, निकाल लागला? लागला. काय झालं? सुटले. आणि तू भाकरी उलटतेस. मी म्हणते, मग इतकं करून काय मिळवलंस? तू पाठमोरी होतीस, तशीच म्हणालीस, "ती पोरगी कोर्टात उभी राहून मारणाऱ्यांची नावं बोलली. भर कोर्टात. तुला ते दिसलं नाही का?" पुढच्या वर्षी तुझी मूत्रपिंडं निकामी झाली आणि पाठोपाठ तू गेलीस. मयतीला पक्षाचं कुणी आलं नाही.

माझी मैत्रीण हरली. थोडक्यात वगैरे नाही, चांगलीच हरली. निकालाच्या संध्याकाळी तिच्या घरी आम्ही तिने केलेला भात आणि मटण खात होतो. तिचा मुलगा यादीत तिचं नाव वरून शोधायला लागला तेव्हा तिने त्याला खालून शोध म्हणून सांगितलं. सोमवारी ती कामावर आली. मॅनेजरने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, आम्हाला तुझा किती अभिमान वाटतो. तिचे तास आणखी कमी झाले. वर्ष सरायच्या आत ती मुलांना घेऊन मेलबर्नला गेली; तिच्यातले पुष्कळ लोक तिकडेच गेले होते. गल्ल्यांमध्ये अजून अंधार आहे. आणि गेल्या महिन्यात आमच्या आश्रमाचं नवं माहितीपत्रक छापून आलं. पहिल्याच पानावर तीच, त्याच आजींचे केस विंचरताना, दोघीही हसतायत. खाली लिहिलंय की आमच्याकडे सर्वांचा सन्मान होतो. मी ते पत्रक मॅनेजरसमोर ठेवलं आणि विचारलं, हिला विचारलं होतं का? ती म्हणाली, "इतका सुंदर फोटो आहे, तिला आवडलंच असतं."

गणपतीचं बोलावणं आता येत नाही. सुपरमार्केटमध्ये वहिनी भेटल्या की माझ्या मुलीची चौकशी करतात आणि ट्रॉली पुढे ढकलतात. तुझा जावई तेव्हापासून एवढंच बदललाय की 'बोलून काय मिळालं' हा प्रश्न तो पुन्हा विचारत नाही. माझ्या मैत्रिणीच्या प्रचारातल्या दोघी-तिघी मध्यंतरी येऊन गेल्या. पुढच्या निवडणुकीला मी उभं राहावं म्हणाल्या. मी बघते म्हटलं. मला न्याय मिळतो यावर विश्वास उरलेला नाही, आणि ज्याला विश्वास नाही त्याने लोकांच्या दारात जाऊ नये असंही वाटतं. तुझा होता का, खरोखर? की तूही नुसतीच जात राहिलीस? हे तू मला कधी सांगितलं नाहीस. ती पोरगी नावं बोलली, एवढ्यावर तुझं भागलं. माझं भागत नाही, आई.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, ते मला माहीत आहे. एवढं एकच सांगायचं राहिलं. तू गेलीस तेव्हा मी रडले नाही. घर बायकांनी भरलं होतं, मी चहा करत राहिले, आणि मुलगी किती खंबीर आहे असं सगळे म्हणाले. इथेही मी लोकांना तेच सांगते. पण मैत्रिणीला मेलबर्नच्या विमानासाठी ऑकलंडच्या विमानतळावर सोडून एकटी परत येताना वाटेतल्या हंटलीच्या पेट्रोल पंपावर मला गाडी बाजूला घ्यावी लागली, आणि तिथे मी खूप वेळ, मोठ्याने, तुझं नाव घेऊन रडले.